पिंपात मिसळलेली मतं

“काय रं, आपल्या गावानं कुणाला दिली मतं?”

१९७७च्या मार्चमध्ये मतमोजणी आटोपून पुण्याहून गावी गेलो, तेव्हा एस.टी.तून उतरताच पहिला प्रश्न हाच आला. मी म्हणालो, “मला न्हाई ठावं.” कुणाचा विश्वास बसेना. पण खरंच ठाऊक नव्हतं.

आमच्या मतदारसंघाची मोजणी पुण्यात होती. उमेदवाराचा प्रतिनिधी म्हणून मला एका टेबलाशी बसवलं. समोर विरुद्ध पक्षाचे एक गुरुजी. कागदाला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. पेटीचं सील आम्हाला दाखवून फोडलं. आधी मतपत्रिका नुसत्या मोजल्या, केंद्रावरच्या हिशेबाशी आकडा जुळतो का ते पाहिलं. मग निरनिराळ्या केंद्रांच्या मतपत्रिका एका मोठ्या पिंपात टाकून खालीवर केल्या. शेंगांची रास करताना दोन वावरांचा माल एक व्हावा, तशी आमच्या वाडीची आणि पलीकडच्या गावाची मतं एक झाली. त्यानंतरच गठ्ठे टेबलावर आले.

रात्री एका मतपत्रिकेवर दोन शिक्के निघाले. मी म्हटलं, “बाद करा.” गुरुजींनी चष्मा सारखा केला. “थांबा. बाणफुली बघा. एक सुलटी, दुसरी उलटी. घडी चुकली, शाई पलीकडं उमटली. मत तुमच्याच माणसाला आहे.” निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी ते मत वैध धरलं. विरोधकानं माझं मत वाचवलं होतं.

बाहेर पुणं जागं होतं. मोहन धारिया पुण्यातून निवडून आले, रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या. आणीबाणी अजून उठायची होती. तसल्या दिवसांत कुठल्या गावानं कुणाला मत दिलं हे कुणालाच कळू नये, याचं मोल आम्ही जाणत होतो. मताला घाबरून गावानं गप बसायचं, की रस्ता-विहीर गमवायची, हा पेच पिंपानं सोडवला होता.

२००४च्या लोकसभेला देशभर यंत्रं आली. मोजणी झटपट झाली, बाद मतांचा घोळ संपला. पण प्रत्येक यंत्र आपल्या केंद्राचा आकडा वेगळा सांगतं. २००८मध्ये निवडणूक आयोगानं चौदा यंत्रांची एकत्र बेरीज दाखवणारं ‘टोटलायझर’ सुचवलं. २०१५मध्ये विधी आयोगानंही तेच म्हटलं. ते काही आलं नाही.

आता मोजणीच्या दिवशी पुतण्या पुण्यात प्रतिनिधी म्हणून बसतो. आमचा चहा व्हायच्या आत त्याचा फोन येतो: आपल्या केंद्रावर याला इतकी, त्याला इतकी. पारावर लगेच हिशेब सुरू होतो. वरच्या आळीनं दगा दिला, खालची इमानी राहिली. मागं एकदा निकालानंतर आमच्या आळीतला टँकर आठ दिवस उशिरा आला. कारण कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

परवा पुतण्यानं विचारलं, “आप्पा, तुमच्या वेळी गावाचा आकडा कसा काय कळायचा न्हाई?”

मी त्याला पिंपाची गोष्ट सांगितली.