१४ पेशंट, १० वर्षं

मागच्या वर्षी आईच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरची गाठ निघाली. सर्जन म्हणाले, दुर्बिणीने करू. त्याच रात्री मामाचा फोन: "अजिबात नको. दुर्बिणीच्या भोकांतून कॅन्सर पसरतो." मी पडलो सॉफ्टवेअरवाला. पण मामाला हे आलं कुठून, ते शोधायला बसलो.

दुर्बिणीने आतड्याचा भाग काढल्याचे पहिले रिपोर्ट १९९१ मध्ये आले. पोटात कार्बन डायऑक्साइड भरायचा आणि लहान छिद्रांतून हत्यारं घालायची. छोटी जखम, पेशंट लवकर घरी. मग विचित्र गोष्ट दिसू लागली. काही पेशंटना नेमकी त्या छिद्रांच्या जागी, कातडीखाली, नवी गाठ येत होती. १९९४ मध्ये नेदरलँड्सच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं: १४ पेशंटपैकी ३. म्हणजे २१ टक्के! पोट उघडून केलेल्या ऑपरेशनमध्ये हेच प्रमाण साधारण १ टक्का.

कारण काय? गॅसबरोबर पेशी उडतात? हत्यारांना चिकटून येतात? की गाठ उघडीच छोट्या छिद्रातून ओढून काढल्यामुळे जखमेला घासते?

आमच्याकडे असा बग आला की दोन तट पडतात. एक म्हणतो सगळं मागे घ्या, दुसरा म्हणतो माझ्या मशीनवर तर चालतंय. अमेरिकेतल्या सर्जननी तिसरा रस्ता धरला. १९९४ पासून ४८ हॉस्पिटलं, ८७२ पेशंट. कोणाचं कुठलं ऑपरेशन, ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरलं. सर्जनने आधी किमान २० ऑपरेशनं केलेली हवीत, आणि त्याचा व्हिडिओही तपासला जायचा. निकाल आला २००४ मध्ये. जखमेतली गाठ दोन्ही गटांत १ टक्क्याहून कमी. तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दुर्बिणीत १६ टक्के, उघड्या ऑपरेशनमध्ये १८.

म्हणजे मामा खोटं बोलत नव्हता. त्याची बातमी १९९४ ची होती, एवढंच.

पण थांबा. २०१८ मध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर, ६३१ बायकांवर तसाच अभ्यास झाला. तिथे उलटं निघालं: साडेचार वर्षांनी रोगमुक्त राहिलेल्या, उघड्या ऑपरेशननंतर ९६.५ टक्के आणि दुर्बिणीनंतर ८६. म्हणून 'दुर्बीण चांगली की वाईट' हा प्रश्नच अर्धवट आहे. कुठल्या अवयवाचा कॅन्सर, ते आधी विचारायला हवं.

मी सर्जनना तीन प्रश्न विचारले. अशी किती ऑपरेशनं केलीत? गाठ बाहेर काढताना जखमेला आवरण लावता का? गरज पडली तर पोट उघडाल ना? त्यांनी न चिडता उत्तरं दिली. ऑपरेशन दुर्बिणीनेच झालं. आई आता दर तीन महिन्यांनी तपासणीला जाते, आणि मी दर वेळी तिच्या टाक्यांच्या जागा बघतो. आकडे पाठ असले तरी बघतोच.

तुमच्या घरी असा मामा असेल तर त्याला गप्प करू नका. त्याच्या बातमीचं साल विचारा. भेटू पुढच्या भागात.