कथील

कथील (सं. वंग, त्रपु) : चांदीसारखा पांढरा, मऊ धातू. अणुक्रमांक 50, वितळबिंदू सुमारे 232° से. कांडी वाकवली की आतल्या स्फटिकांची रचना झटक्याने सरकून करकर आवाज येतो. 13° से.च्या खाली फार काळ राहिल्यास ते हळूहळू करड्या भुकटीत बदलते. कोकणच्या हवेत ही भीती नाही.

मुख्य खनिज कॅसिटेराइट, म्हणजे कथलाचे डायऑक्साइड. शुद्ध असल्यास त्यात सुमारे 79 टक्के कथील असते. ते वजनदार व टणक असल्याने खडक झिजला तरी ओढ्याच्या वाळूत मागे राहते. गडचिरोलीपलीकडच्या बस्तर भागात ते अशाच मातीतून पाण्याने धुऊन काढतात. कोळशाबरोबर तापवले की ऑक्सिजन निघून जातो आणि धातू उरतो. तांबे, लोखंड व गंधक असलेले स्टॅनाइट हे दुय्यम खनिज.

मराठी घरात कथील आले ते कल्हईवाटे. पितळी पातेल्यात ताक किंवा चिंचेची आमटी ठेवली की आंबटपणाने तांबे विरघळते आणि पदार्थ कळकतो. म्हणून कल्हईवाला भांडे भात्यावर तापवतो, नवसागराची चिमूट टाकतो, कथलाची कांडी टेकवतो आणि कापसाच्या बोळ्याने झरझर फिरवतो. उष्णतेने नवसागराचे अमोनिया आणि हायड्रोजन क्लोराइड होतात. दुसरा वायू तांब्यावरचा ऑक्साइडचा थर खातो, तेव्हाच कथील धरते. दोन्ही वायू गार होताना पुन्हा एकत्र येतात, तोच तो पांढरा धूर. कथलात शिसे मिसळलेली कल्हईही चकचकीतच दिसते, पण ती विषारी.

संयुगांत कथलाची संयुजा 2 किंवा 4 असते. पहिल्या अवस्थेतली संयुगे दुसरीत जायला उतावीळ असतात, म्हणून स्टॅनस क्लोराइड चांगले क्षपणक ठरते. ते पाण्यात टाकले तर दुधाळ होते, हायड्रोक्लोरिक आम्ल घातल्यावर निवळते. प्रयोगशाळेत त्या द्रावणाच्या बाटलीत कथलाचा तुकडा टाकून ठेवतात. हवेने बिघडलेला भाग तो पूर्ववत करतो. रंगकामात हे क्लोराइड रंगबंधक म्हणून वापरत. स्टॅनिक क्लोराइड मात्र द्रव असून दमट हवेत धुमसते. स्टॅनस फ्लोराइड काही टूथपेस्टमध्ये असते.

तेला-बिस्किटांचे डबे पोलादी पत्र्याचे असून त्यांवर कथलाचा पातळ मुलामा असतो. भिवंडीत मागाच्या शेडवरच्या पन्हाळी पत्र्याला ‘टिनाचा पत्रा’ म्हणतात खरे, पण त्यावरचा मुलामा जस्ताचा.