फ्रेंच राज्यक्रांतीचे सचित्र पंचांग

राजाचे सिंहासन उलथून टाकणे एक वेळ साधेल, परंतु घराघरांतील वार बदलणे साधत नाही, असा अनुभव फ्रान्समधील क्रांतिकारकांस आला. तेथे २१ सप्टेंबर १७९२ रोजी राजेशाही रद्द झाली. दुसऱ्याच दिवशी शरद्-संपात होता. तोच नव्या शकाचा आरंभ धरून कन्व्हेन्शन नामक राष्ट्रसभेने १७९३ च्या ऑक्टोबरात नवे पंचांग मंजूर केले. त्याची रचना मुख्यत्वे झिल्बेर रोम याची; महिन्यांस नावे दिली ती फाब्र देग्लांतीन या नाटककाराने.

महिने बारा, प्रत्येक तीस दिवसांचा. उरलेले पाच किंवा सहा दिवस उत्सवाचे. द्राक्षतोडणीचा वांदेमिएर, धुक्याचा ब्रुमेर, बर्फाचा निव्होज, फुलांचा फ्लोरेआल! आपले चैत्र-वैशाख नक्षत्रांवरून ओळखले जातात. या मंडळींनी आकाश सोडून शेताकडे पाहिले. साधुसंतांच्या नावाच्या दिवसांस वनस्पती, प्राणी व अवजारे यांची नावे मिळाली. १० ब्रुमेर हा नांगराचा दिवस. दर पाचवा दिवस प्राण्याचा, या नियमाने नाताळ कुत्र्याच्या वाट्यास आला. श्रद्धाळू माणसास काय वाटले असेल, हे सांगावयास नको.

हे सारे लोकांच्या मनावर ठसविण्याचे काम चित्रकारांकडे आले. लाफित याने प्रत्येक महिना तरुणीच्या रूपाने रेखाटला. दब्युकूरच्या १७९४ च्या चित्रात तत्त्वज्ञानदेवी निसर्गाच्या ग्रंथातून नवी कालगणना सांगत आहे.

दिवसाचे तास दहा, तासाची मिनिटे शंभर असेही ठरले. एक नवा तास म्हणजे आपली १४४ मिनिटे, बरोबर सहा घटिका. परंतु सक्तीची ही घड्याळे १७९५ च्या एप्रिलात स्थगित झाली. मीटर टिकला, कारण गावोगावची मापे निराळी असल्याने व्यापारी गांजले होते. तासांविषयी मात्र कोणाची तक्रार नव्हती.

खरा घाव बसला तो कष्टकऱ्यावर. सात दिवसांच्या आठवड्याऐवजी दहा दिवसांचा 'देकाद' आल्याने विसावा सातव्याऐवजी दहाव्या दिवशी मिळू लागला. १७९८ मध्ये सरकारने तो पाळण्याची सक्ती केली, तरी रविवार लोकांच्या मनातून गेला नाही. शिवछत्रपतींनी १६७४ साली राज्याभिषेक शक सुरू केला, तेव्हा वर्षांची गणना नवी झाली; महिने, तिथी व वार पूर्वीचेच राहिले. त्यामुळे कोणाची एकादशी चुकली नाही.

देग्लांतीन १७९४ च्या एप्रिलात गिलोटिनखाली गेला. रोमने १७९५ मध्ये देहान्ताची शिक्षा ऐकताच स्वतःस भोसकून घेतले. या पंचांगाचे चौथे वर्ष दोघांपैकी एकासही दिसले नाही. नेपोलियनने सत्ता बळकावली तो दिवस इतिहासात '१८ ब्रुमेर' म्हणूनच प्रसिद्ध आहे. त्याच नेपोलियनने १ जानेवारी १८०६ पासून हे पंचांग बंद केले. पुढे १८७१ मध्ये पॅरिस कम्यूनने काही दिवस ते पुन्हा वापरले, तेवढेच.