'हलू नको' ते 'ऊठ, चाल'

१५ जुलै १८८२ रोजी बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी ४३ वर्षांच्या एका माणसाचं पित्ताशय काढलं. जगातलं हे पहिलं असं ऑपरेशन. रुग्ण बारा दिवस अंथरुणात होता, घरी गेला सहा आठवड्यांनी. तेव्हा पडून राहणं हाच उपचार होता.

१९९० मध्ये मुंबईत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढलं आणि भारतात मोठ्या चिरेच्या जागी तीन-चार छिद्रं आली. दुखणं घटलं, पण एक नवंही आलं. वाशीममध्ये ऑपरेशन झाल्यावर माझी मावशी म्हणाली, "पोट नाई दुखत बापा, खांदाच दुखून रायला!"

कारण वायू. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यामुळे श्वासपटल चिडतं, आणि त्याची नस मानेतून निघत असल्यानं दुखणं खांद्यात जाणवतं.

सिस्टरनी मावशीला संध्याकाळीच चालवलं, दीर्घ श्वास घ्यायला लावले, खोकताना पोटाशी उशी धरायला शिकवलं. खांद्याला कोमट शेक दिला. दोन-तीन दिवसांत खांदा मोकळा झाला.

शेजारणी मात्र म्हणायच्या, "हलू नको, टाके तुटतीन." हा १८८२ चाच सल्ला. पडून राहिलं तर पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो. जड उचलणं मात्र काही आठवडे बंदच. ताप, कावीळ किंवा वाढती पोटदुखी असेल तर शेक पुरे; थेट डॉक्टर गाठायचा.

सोयाबीनची सोंगणी तोंडावर होती. मावशी विळा न धरता बांधावर उभी राहिली, पण उभी राहिली.