मुलांकडे आखातात काही महिने राहायला जाताना

पाऊस सरला की कोकणात, भिवंडी-मुंब्र्याकडे अनेक घरांत अम्मी-अब्बांच्या दुबई, शारजा, दम्मामच्या तिकिटांची बोलणी सुरू होतात. वेळ योग्यच आहे. नोव्हेंबर ते मार्च हाच तिकडे वयस्कर माणसाला आरामात बाहेर फिरता येईल असा काळ. तिकीट-व्हिसा मुलगा बघतो. इकडची कामं मात्र कुणीच बघत नाही, आणि खोळंबा तिथेच होतो.

पहिलं काम पेन्शनचं. सरकारी पेन्शनरांना हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो, म्हणजे नेमका जायच्या हंगामात. केंद्र सरकारच्या 80 वर्षांवरच्या पेन्शनरांना तो 1 ऑक्टोबरपासून देता येतो. पीएफची ईपीएस-95 पेन्शन असेल तर नोव्हेंबरचं बंधन नाही. दाखला कधीही द्या, पुढचे 12 महिने चालतो. त्यांनी निघण्याआधीच देऊन मोकळं व्हावं. बाकीच्यांना आमचा सल्ला असा की, मुलांना आधीच सांगा, तिकीट नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यानंतरचं काढा. ते जमलंच नाही तर तिथल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अधिकाऱ्यासमोर सही करून दाखला मिळतो, तो इकडे बँकेत किंवा कोषागारात पाठवायचा. मुदतीत दाखला पोहोचला नाही तर पेन्शन थांबते. नंतर थकबाकीसकट मिळते, पण तोवर मुलाकडे हात पसरायचा, हे स्वाभिमानी माणसाला जड जातं.

दुसरं, मोबाईल. बँकेचा ओटीपी इकडच्याच नंबरवर येणार. प्रीपेड सिम 90 दिवस वापरलं नाही तर बंद होऊ शकतं, आणि मग तो नंबर दुसऱ्याच कुणाला मिळू शकतो. निघण्याआधी रोमिंग सुरू करून घ्या आणि वेळच्या वेळी रिचार्ज करायचं काम घरातल्या एकावर सोपवा.

औषधांबाबत मात्र जराही ढिलाई नको. आपल्याकडे सहज लिहून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्या तिकडे नियंत्रित औषधांत मोडतात. गुडघेदुखीसाठी ट्रॅमाडॉल, मधुमेहात पाय जळजळतात म्हणून प्रीगॅबालिन, झोपेसाठी अल्प्राझोलाम किंवा क्लोनाझेपाम, खोकल्याच्या औषधातलं कोडीन. ब्रँडचं नाव वेगळं असतं, म्हणून पाकिटावर बारीक अक्षरांत लिहिलेले घटक वाचा, नाहीतर केमिस्टला विचारा. यातलं काही चालू असेल तर डॉक्टरांना पर्याय विचारा. पर्याय नसेल तर त्या देशाची परवानगी आधी घ्या. अमिरातीत ती ऑनलाईन मिळते. विमानतळावर ‘आम्हाला ठाऊक नव्हतं’ चालत नाही. बाकीच्या गोळ्या मूळ पाकिटातच न्या, डब्यात काढून नको. सोबत औषधांची मूळ नावं लिहिलेलं डॉक्टरांचं ताजं प्रिस्क्रिप्शन ठेवा. इन्सुलिन हातातल्या बॅगेत. सामानात टाकलं तर गोठून वाया जाऊ शकतं.

आणि हो, खसखस. सुनेसाठी घरचा मसाला नेताना त्यात खसखस नाही ना, हे बघा. अमिराती आणि सौदीत ती अमली पदार्थांत धरतात.

व्हिसाची मुदत आणि एका वेळी राहायची मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मुलाकडून नीट समजून घ्या. अमिरातीत जादा राहिल्यास दिवसाला 50 दिरहम दंड लागतो. सौदीला गेलात तर उमरा जरूर करा, पण व्हिजिट व्हिसावर हज करता येत नाही. हजच्या दिवसांत विनापरवाना मक्केत सापडल्यास मोठा दंड होतो. ‘कुणीतरी सोय करतो’ म्हणणाऱ्यापासून दूर राहा.

नमाजबद्दल नेहमी विचारणा होते. महिनोन् महिने राहायचं ठरवून गेलेला माणूस तिथे पोहोचल्यावर मुसाफिर राहत नाही. हनफी मसलकात 15 दिवस किंवा त्याहून जास्त मुक्कामाची नियत असेल तर नमाज पूर्ण पढायची. आपले बहुतेक कोकणी लोक शाफई; त्यांच्यात येण्या-जाण्याचे दिवस सोडून 4 दिवसांच्या मुक्कामाची नियत केली की कसर संपते. सध्या रमजानही थंडीतच येतोय, तेव्हा सफरीच्या सवलतीवर तिथले रोजे सोडता येत नाहीत. मधुमेह किंवा हृदयाचा त्रास असेल तर त्याची सवलत वेगळी, ती डॉक्टर आणि आपल्या मौलानांना विचारून घ्या.

निघायच्या आदल्या रात्री एका कागदावर कुणाचं किती देणं आहे, कुणाची अमानत आपल्याकडे आहे, पासबुकं आणि घराची कागदपत्रं कुठे आहेत, हे लिहा. खाली सही करा, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. एक प्रत इथे राहणाऱ्या लेकीकडे किंवा भावाकडे द्या, दुसरी सोबत न्या.