सिंधुदुर्ग जिल्ह्यातील खासगी दवाखान्यांची सुरक्षा व गुणवत्ता मानके

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील फॅमिली डॉक्टरांच्या खासगी बाह्यरुग्ण दवाखान्यांना लागू असणारे कायदे, नियम आणि व्यावसायिक संकेत यांचा एकत्रित विचार या लेखात केला आहे. रुग्णालयांसाठी महाराष्ट्रात स्वतंत्र नोंदणी कायदा आहे; खाटा नसलेल्या दवाखान्यासाठी तसा एकच सर्वसमावेशक कायदा नाही. त्याची मानके औषधे, जैववैद्यकीय कचरा, वैद्यकीय आचारसंहिता आणि ग्राहक संरक्षण अशा वेगवेगळ्या नियमावल्यांत विखुरलेली आहेत. त्यामुळे ती पाळली जाणे बव्हंशी डॉक्टरांच्या स्वतःच्या शिस्तीवर अवलंबून राहते.

पार्श्वभूमी

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यात मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी, वैभववाडी आणि दोडामार्ग हे आठ तालुके आहेत. मुंबई–गोवा महामार्ग कणकवली, कुडाळ व सावंतवाडी तालुक्यांतून जातो, तर मालवण, देवगड व वेंगुर्ले ही किनाऱ्यावरील गावे त्यापासून दूर पडतात. गंभीर रुग्णांसाठी गोव्यातील बांबोळी येथील वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय हा या भागाचा जुना आधार होय. तेथे २०१८ पासून गोव्याबाहेरील रुग्णांना शुल्क आकारले जाऊ लागले. ओरोस येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२१ मध्ये सुरू झाले. या अंतरांमुळे गावातील दवाखाना हे बहुतेक आजारांचे पहिले, आणि पुष्कळदा एकमेव, ठिकाण ठरते.

नोंदणीची चौकट

महाराष्ट्रातील शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या शुश्रूषागृह नोंदणी अधिनियमान्वये होते. २०२१ मधील सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद लावणे बंधनकारक केले. हा कायदा रुग्णांना दाखल करून शुश्रूषा करणाऱ्या संस्थांसाठी आहे. केवळ तपासून औषध देणारा दवाखाना त्याच्या कक्षेत येत नाही. सलाईन लावण्यापुरत्या एक-दोन खाटा ठेवलेल्या दवाखान्याची स्थिती मात्र संदिग्ध राहते. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना अधिनियम बाह्यरुग्ण दवाखान्यांनाही नोंदणी व किमान मानके लागू करतो, परंतु महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही.

आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांना २००२ ची आचारसंहिता लागू आहे. तिच्यानुसार नोंदणी क्रमांक दवाखान्यात तसेच औषधचिठ्ठी, दाखला व पावतीवर असावा लागतो. २०१६ च्या सुधारणेनुसार औषधांची मूळ नावे वाचता येतील अशी, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावयाची असतात. अभिलेख तीन वर्षे जतन करण्याचे बंधन मात्र या संहितेने दाखल रुग्णांपुरतेच घातले आहे. ज्या केसपेपरवर एखाद्या कुटुंबाचा वीस वर्षांचा रक्तदाब नोंदलेला असतो, तो या कलमात बसत नाही.

ग्रामीण भागात आयुर्वेद व होमिओपॅथीच्या पदवीधरांचे दवाखाने मोठ्या संख्येने आढळतात. आयुर्वेद पदवीधरांना राज्याच्या अधिसूचनेनुसार आधुनिक औषधे वापरण्याची मुभा आहे. पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईतील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, होमिओपॅथीची पदवी असताना ॲलोपॅथीची औषधे देणे ही मुळातच हयगय ठरवली. २०१४ मध्ये राज्याने कायदा बदलून औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना मर्यादित परवानगी देऊ केली. या बदलालाही न्यायालयात आव्हान देण्यात आले.

दवाखान्यातून दिली जाणारी औषधे

कोकणातील खेड्यांत तपासणीची फी आणि औषध यांचे पैसे एकत्र घेण्याची पद्धत जुनी आहे. कागदाच्या पुडीत दोन-तीन रंगांच्या गोळ्या आणि बाटलीत मिक्स्चर, हे तिचे परिचित रूप. औषध नियमावलीतील अनुसूची ‘के’ नुसार नोंदणीकृत डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णांना औषध देण्यासाठी दुकानाचा परवाना लागत नाही. मात्र ही सूट सशर्त असून त्या अटी फारशा परिचित नाहीत.

औषधे परवानाधारक विक्रेत्याकडून किंवा उत्पादकाकडूनच घ्यावी लागतात आणि खरेदीच्या नोंदीत बॅच क्रमांक असावा लागतो. प्रतिजैविकांसारखी अनुसूची ‘एच’ मधील औषधे देताना वेष्टनावर डॉक्टरांचे नाव व पत्ता, पोटात घ्यावयाच्या औषधाची मात्रा आणि बाहेरून लावावयाच्या औषधावर तशी सूचना लिहावी लागते. रुग्णाचे नाव, औषध, मात्रा व तारीख नोंदवहीत लिहून त्या नोंदीचा क्रमांक वेष्टनावर घालावा लागतो, आणि वही शेवटच्या नोंदीपासून दोन वर्षे ठेवावी लागते. बिननावाची पुडी या अटींत बसत नाही.

हा केवळ कागदोपत्री दोष नाही. पुडीतील गोळीने अंगावर पुरळ उठले आणि रुग्ण रात्री दुसऱ्या डॉक्टरांकडे गेला, तर कोणते औषध टाळावयाचे हे सांगण्यासारखे त्याच्या हाती काहीच नसते. मधुमेह किंवा रक्तदाबाच्या वृद्ध रुग्णाला तेच औषध दोन दवाखान्यांतून दोनदा मिळण्याचा संभवही यातूनच उद्भवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची जागतिक मोहीम हाती घेतली, तेव्हा एकाच रुग्णाला अनेक औषधे आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी होणारे स्थलांतर हे तिचे प्रमुख विषय होते.

इंजेक्शने, कचरा आणि शीतसाखळी

या शतकाच्या पहिल्या दशकातील एका देशव्यापी अभ्यासात भारतातील सुमारे ६३ टक्के इंजेक्शने असुरक्षित आढळली होती. ‘सुई मारल्याशिवाय ताप उतरत नाही’ हा रुग्णांचा समजही त्यास कारणीभूत आहे. इंजेक्शन देणाऱ्या प्रत्येक दवाखान्यात तीव्र ॲलर्जीच्या प्रतिक्रियेसाठी ॲड्रेनालिन हाताशी असणे हे किमान मानक मानले जाते. प्रौढांत ते मांडीच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम दिले जाते.

२०१६ चे जैववैद्यकीय कचरा नियम एका खोलीच्या दवाखान्यालाही लागू आहेत. रक्ताळलेले बोळे व मुदत संपलेली औषधे पिवळ्या पिशवीत, सुईविरहित सिरिंज व नळ्या लाल पिशवीत, सुया न भोसकल्या जाणाऱ्या पांढऱ्या डब्यात आणि काचेच्या कुप्या निळ्या खुणेच्या खोक्यात टाकावयाच्या असतात. प्रक्रिया न केलेला कचरा सामान्यतः ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. ७५ किलोमीटरांच्या आत सामायिक प्रक्रिया केंद्र असल्यास दवाखान्याने स्वतःची प्रक्रिया यंत्रणा उभारावयाची नसते. कर्मचाऱ्यांना कावीळ ‘ब’ व धनुर्वाताची लस देणेही याच नियमांत आहे.

लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळाने किनारपट्टीचा वीजपुरवठा विस्कळीत केला. घरगुती फ्रीजमध्ये लसी ठेवणाऱ्या दवाखान्यांसाठी तापमानाची नोंद आणि बर्फाच्या पिशव्या का आवश्यक आहेत, हे अशा प्रसंगी स्पष्ट होते.

साथींची माहिती कळवणे

दोडामार्ग तालुक्यात २०१६ मध्ये गोचिडांमार्फत पसरणाऱ्या माकडतापाची साथ आली आणि पुढील वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा परिसरातही रुग्ण आढळले. भातशेतीच्या हंगामात लेप्टोस्पायरोसिसही उद्भवतो. या दोन्ही आजारांची सुरुवात साध्या तापासारखी होते, म्हणून काजूच्या बागेत किंवा चिखलात काम केले होते का, हा प्रश्न तपासणीचाच भाग ठरतो. क्षयरोगाचा रुग्ण शासनास कळवणे खासगी डॉक्टरांना २०१२ पासून बंधनकारक आहे.

रुग्ण पुढे पाठवणे

वैद्यकीय हयगयीसंबंधीचा एक पायाभूत भारतीय निकाल कोकण किनाऱ्यावरील अपघातातून आला. ६ मे १९५३ रोजी, तेव्हाच्या अखंड रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे समुद्रकिनारी एका तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी त्याच रात्री लाकडी फळ्या बांधून पाय स्थिर केला, दोन दिवसांनी योग्य पट्ट्या मिळवल्या आणि सुमारे २०० मैलांच्या टॅक्सीप्रवासात ते रुग्णासोबत पुण्याला गेले. तेथे उपचारांदरम्यान ९ मे रोजी तरुणाचा मृत्यू झाला. डॉ. लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध डॉ. त्र्यंबक बापू गोडबोले या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९६८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या शल्यचिकित्सकांविरुद्धची ३,००० रुपयांची नुकसानभरपाई कायम केली. रुग्ण स्वीकारावा की नाही, कोणता उपचार करावा आणि तो कसा करावा, या तिन्ही निर्णयांत वाजवी काळजी घेणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे त्यात सांगितले आहे. यांतील पहिले कर्तव्य दूरच्या गावातील डॉक्टरांना रोज निभवावे लागते.

सर्पदंश हे त्याचे नेहमीचे उदाहरण. स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत रक्त घेऊन ते वीस मिनिटांत गोठते का, हे पाहण्याची चाचणी कोणत्याही दवाखान्यात करता येते. भारतातील प्रतिसर्पविष नाग, मण्यार, घोणस व फुरसे यांच्या विषावर चालते. कोकणात आढळणाऱ्या चापड्यांवर चालत नाही. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. सोबत दिलेल्या चिठ्ठीत दंशाची वेळ, चाचणीचा निष्कर्ष आणि दिलेली औषधे वेळेसह लिहिली असल्यास पुढच्या रुग्णालयातील वेळ वाचतो. रायगड जिल्ह्यातील महाड परिसरात डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या अशाच काटेकोर नोंदी ठेवल्या; त्यांचा लेख १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ झाला.

मान्यांकन व तक्रार

‘एनएबीएच’ या राष्ट्रीय मंडळाचे दवाखान्यांसाठी मान्यांकन उपलब्ध आहे, पण ते ऐच्छिक आहे. सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांना राष्ट्रीय गुणवत्ता मानके व ‘कायाकल्प’ योजनेखाली गुण दिले जातात. खासगी दवाखान्यांची तशी नियमित तपासणी होत नाही. १९९५ च्या इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या निकालानुसार शुल्क घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, तर सर्वांना मोफत दिलेली सेवा येत नाही. जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत सामान्यतः दोन वर्षे आहे.