विलंबानें पोहोंचणारीं गाणीं

बाजारी गाण्यांचें आयुष्य एका ऋतूपुरतें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि जपानांतील ध्वनिमुद्रिकांचा व्यापार पाहिला तर ती अगदींच निराधार आहे असें म्हणतां येणार नाहीं. त्या देशांत ऑरिकॉन नांवाची संस्था दर आठवड्यास खपाची यादी प्रसिद्ध करते. नवी ध्वनिमुद्रिका निघते, पहिल्या आठवड्यांत वर चढते, महिना उलटण्याच्या आंत खालीं येते, आणि मग तिचें नांवहि फारसें कोणी काढीत नाहीं. अशा ह्या बाजारांत २००० सालच्या जुलै महिन्यांत निघालेलें एक गाणें २००३ सालच्या जानेवारींत, म्हणजे १३० आठवड्यांनीं, पहिल्या स्थानीं जाऊन बसलें. तें गाणें रचणारी, त्यास चाल लावणारी व तें गाणारी स्त्री एकच होती. तिचें नांव नाकाजिमा मियुकी. ह्या प्रकारास चमत्कार म्हणून सोडून देणें सोपें आहे. परंतु तिची सारी कारकीर्द डोळ्यांपुढें आणली असतां उशिरां पोहोंचणें हा तिच्या गाण्यांचा अपवाद नसून स्वभाव आहे, असें दिसून येईल.

तिचा जन्म २३ फेब्रुवारी १९५२ रोजीं जपानच्या उत्तरेकडील होक्काइदो बेटांत, साप्पोरो येथें झाला. वडील प्रसूतिवैद्य होते. इवानाई आणि ओबिहिरो ह्या गांवांत तिचें बालपण गेलें, व पुढें साप्पोरो येथील महिला विद्यापीठांतून १९७४ सालीं ती पदवीधर झाली. विद्यार्थिदशेंतच, १९७२ सालीं, फोक पद्धतीच्या गाण्यांच्या एका अखिल जपानी स्पर्धेंत तिची निवड झाली. तेथें स्पर्धकांपुढें चाल लावण्यासाठीं एक कविता ठेवण्यांत आली होती. ती कविता तानिकावा शुंतारो ह्यांची असून मनुष्य कां गातो, हाच तिचा विषय होता. मियुकीला बक्षीस मिळालें; परंतु त्या कवितेनें ती इतकी हादरून गेली कीं धंदेवाईक गायिका होण्याची चालून आलेली संधि सोडून ती होक्काइदोस परतली. वीस वर्षांच्या मुलीनें यशाच्या दारांतून असें मागें फिरावें, ह्याला कोणी भित्रेपणा म्हणेल. आम्ही त्याला प्रामाणिकपणा म्हणूं. ज्या प्रश्नाचें उत्तर आपणांपाशीं नाहीं तो टाळून गात राहणारे गायक कोणत्याहि देशांत थोडे नाहींत.

तीन वर्षांनीं ती परत आली. १९७५ च्या सप्टेंबरांत तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली आणि त्याच सुमारास वडील अकस्मात् कोसळले. ऑक्टोबरांत यामाहा संस्थेच्या स्पर्धेंत तिनें ‘जिदाई’, म्हणजे ‘काळ’, हें गाणें गायिलें व त्यास सर्वोच्च पारितोषिक मिळालें. नोव्हेंबरांत तोक्योच्या बुदोकान सभागृहांत भरलेल्या आंतरराष्ट्रीय गीतमहोत्सवांतहि तेंच गाणें विजयी झालें. पुढच्या जानेवारींत वडील वारले. आजचें दुःख एके दिवशीं हंसून सांगण्याची गोष्ट होईल, काळ फिरत राहतो, असा त्या गाण्याचा आशय आहे. घरच्या प्रसंगाशीं त्याची सांगड घालण्याचा मोह टाळलेलाच बरा. कारण त्यांतील दुःख कोणा एकीचें नाहीं. दोन पारितोषिकें मिळूनहि हें गाणें खपाच्या यादींत पहिलें आलें नाहीं. परंतु १९८८ सालीं याकुशिमारू हिरोको हिनें तें पुन्हां गायिलें, आणि २००७ सालीं जपानच्या सांस्कृतिक खात्यानें पुढील पिढ्यांस द्यावयाचीं म्हणून जीं एकशें एक गाणीं निवडलीं त्यांत त्याचा समावेश झाला.

प्रथम क्रमांक तिला मिळाला तो १९७७ सालच्या ‘वाकारेउता’ ह्या वियोगगीतानें. पुढें १९८१ सालीं ‘आकुजो’नें तो पुन्हां मिळाला. ह्या यशानें तिच्यावर टाकलेल्या स्त्रियांची गायिका असा शिक्का बसला. मौज अशी कीं, १९७९ पासून १९८७ पर्यंत दर सोमवारीं मध्यरात्रीं नभोवाणीवर जी मियुकी ऐकूं येई ती खदखदून हंसणारी, श्रोत्यांची थट्टा करणारी बाई होती. शोकगीतें गाणारी खरी कीं हंसणारी खरी, हा वाद रसिकांत पुष्कळ झाला. आमच्या मतें तो व्यर्थ होय. रात्रीच्या त्या कार्यक्रमाला परीक्षार्थी, रात्रपाळीचे कामगार, वाहनचालक असे लोक पत्रें लिहीत, आणि अशीं पत्रें वाचणाऱ्या व्यक्तीला हंसूं व रडूं ह्यांच्यामध्यें भिंत बांधून चालत नाहीं. १९८३ सालच्या ‘फाइट!’ ह्या गाण्याची सुरुवातच एका मुलीच्या पत्रानें होते: शिक्षण अर्धवट राहिल्यामुळें आपल्याला काम मिळत नाहीं, असें तिनें लिहिलें आहे. एका संग्रहांत हें गाणें अकरा वर्षें पडून होतें. १९९४ सालीं एका जाहिरातीच्या निमित्तानें तें दूरचित्रवाणीवरील एका मालिकेच्या गीतासोबत स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेवर आलें, ती मुद्रिका पहिल्या क्रमांकास गेली आणि तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या. १९८३ सालीं तें गाणें ज्यांच्यासाठीं रचलें गेलें तीं मुलें एव्हांना तिशीच्या घरांत आलीं होतीं.

इतरांसाठीं रचून दिलेल्या गाण्यांचीहि हीच तऱ्हा. १९७७ सालीं चिआकी नाओमी ह्या गायिकेकरितां तिनें ‘रूज’ लिहिलें. पंधरा वर्षांनीं हाँगकाँगच्या फे वाँग हिनें त्याच चालीवर कँटनी शब्द गायिले व ती घरोघर पोहोंचली; पुढें ती चाल व्हिएतनामी भाषेंतहि शिरली. आपल्या गाण्यांना नवे प्रसंग मिळावेत अशी तिची स्वतःचीहि इच्छा दिसते. १९८९ पासून तोक्योच्या शिबुया भागांत तिनें ‘याकाई’ नांवाचे गीतनाट्यप्रयोग सुरू केले. त्यांचें लेखन, दिग्दर्शन व अभिनय तिचाच, आणि जुनीं गाणीं त्यांत नव्या पात्रांच्या तोंडीं येऊन निराळाच अर्थ बोलूं लागतात. ‘इतो’ म्हणजे ‘सूत’, हें १९९२ सालचें गाणें तर मूळ एका परिचिताच्या विवाहासाठीं केलेलें. २००४ सालीं बँक बँड ह्या वाद्यवृंदानें तें गायिल्यानंतर तें देशभर लग्नसमारंभांतून ऐकूं येऊं लागलें, व २०२० सालीं त्यावर चित्रपटहि निघाला.

आतां त्या १३० आठवड्यांच्या गाण्याकडे वळूं. ‘चिजो नो होशी’, म्हणजे ‘भूतलावरील तारे’, हें एन्-एच्-केच्या ‘प्रोजेक्ट एक्स’ ह्या मालिकेचें शीर्षकगीत. युद्धोत्तर जपानांत पूल, धरणें, यंत्रें उभारणाऱ्या अप्रसिद्ध माणसांच्या हकीकती ही मालिका सांगे. जेव्हां ती सुरू झाली त्या वेळीं भरभराटीचा फुगा फुटून दहा वर्षें होत आलीं होतीं आणि कारखान्यांतून व कचेऱ्यांतून पन्नाशीच्या माणसांना घरीं पाठविण्यांत येत होतें. लोक आकाशाकडे पाहतात आणि जमिनीवरचे तारे कोणाच्या लक्षांत राहत नाहींत, ही तक्रार त्या माणसांना आपली वाटली ह्यांत नवल नाहीं. हें सारें श्रेय दूरचित्रवाणीचें, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांत तथ्य आहेच. परंतु मालिकांचीं गीतें दरसाल डझनांनीं निघतात व मालिकेसोबत मावळतात. हें गाणें मुख्यतः वयस्क पुरुषांनीं, जे एरव्हीं ध्वनिमुद्रिकांच्या दुकानाची पायरीहि चढत नसत, एकेक करून विकत नेलें.

३१ डिसेंबर २००२ च्या रात्रीं, वर्षअखेरच्या सुप्रसिद्ध गीतसभेंत, मियुकी प्रथमच गायिली. पण ती तोक्योच्या सभागृहांत आली नाहीं. तोयामा प्रांतांतील कुरोबे जलविद्युत् केंद्राच्या भुयारांतून तिचें गाणें प्रक्षेपित झालें. १९६३ सालीं पुऱ्या झालेल्या कुरोबे धरणाच्या कामांत १७१ माणसें मृत्युमुखीं पडलीं होतीं. गातांना दुसऱ्या कडव्यांत तिचे शब्द चुकले, आणि तें साऱ्या देशानें ऐकलें. तीन आठवडेहि उलटले नाहींत तोंच गाणें यादीच्या शिरोभागीं पोहोंचलें. सत्तर, ऐंशी, नव्वद आणि दोन हजार, अशा चार दशकांत प्रथम क्रमांक मिळविणारी ती त्या यादीच्या इतिहासांतील पहिली गायिका ठरली.

२०२० सालीं तिनें आपला शेवटचा दौरा जाहीर केला. चोवीस प्रयोग ठरले होते. आठ झाले आणि साथीमुळें उरलेले रद्द करावे लागले. २०२४ च्या जानेवारींत, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षीं, ती तोक्योंत पुन्हां रंगमंचावर उभी राहिली.